ऑपेरागृहाचे अंतरंग आणि कॅमेरा

युरोपातील जुनी ऑपेरागृहे संगीतनाटक पाहण्यासाठी बांधली गेली हे म्हणणे अर्धेच खरे आहे. प्रेक्षकांना एकमेकांना न्याहाळता यावे हाही त्यांचा तितकाच उघड हेतू होता, आणि त्यांच्या आतल्या भागाचे छायाचित्र घेणे एवढे अवघड का जाते याचे मूळ या दुसऱ्या हेतूत सापडते. इटलीत सतराव्या शतकात रूढ झालेल्या आणि पुढे साऱ्या युरोपने उचललेल्या रचनेत प्रेक्षागृहाचा आराखडा घोड्याच्या नालासारखा असतो: नालाचे उघडे तोंड रंगमंचाकडे, तर वळणाच्या कडेने एकावर एक चढत गेलेले सज्जे, आणि त्या सज्ज्यांत आडभिंतींनी वेगळे केलेले बॉक्स, म्हणजे मोजक्या माणसांपुरत्या खासगी बैठका. कडेच्या बॉक्समधून रंगमंच तिरका आणि अपुरा दिसतो, पण समोरच्या बॉक्समध्ये कोण कोणाशेजारी बसले आहे हे मात्र स्वच्छ दिसते. प्रयोग चालू असताना प्रेक्षागृह काळोखे ठेवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८७६ मध्ये बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नरचे रंगगृह सुरू झाल्यानंतर पसरली; त्याआधी झुंबरे प्रयोगभर तेवत असत. अशा वास्तूला दर्शनी बाजू अशी एक नसते, तिचे संपूर्ण रूप एकाही आसनावरून दिसत नाही, आणि मान वळवत, डोळे सरावत, बाजूच्या माणसाशी बोलत जे पाहायचे ते एका जागी खिळलेल्या एका भिंगातून पाहण्याची सक्ती छायाचित्रकारावर असते.

या अडचणीचा सर्वांत संपन्न नमुना म्हणजे पॅरिसमधील पाले गार्निये. १४ जानेवारी १८५८ रोजी जुन्या ऑपेरागृहाच्या दाराशी तिसऱ्या नेपोलियनवर बॉम्ब फेकले गेले, त्यातून अधिक सुरक्षित जागी नवे ऑपेरागृह उभारण्याचा निर्णय झाला, आणि १८६१ मध्ये आटोपलेल्या स्पर्धेत शार्ल गार्निये या पस्तिशीतल्या, तोवर फारशा नाव न झालेल्या वास्तुविशारदाची निवड झाली. मध्ये फ्रान्स-प्रशियाचे युद्ध झाले, साम्राज्य कोसळले, सम्राट परदेशात वारला, आणि अखेर ५ जानेवारी १८७५ रोजी प्रजासत्ताकाच्या अध्यक्षांच्या उपस्थितीत ही वास्तू खुली झाली. सुमारे दोन हजार प्रेक्षकांची सोय असलेले तिचे प्रेक्षागृह एकंदर इमारतीच्या मानाने लहान आहे. खरा पसारा जिन्याचा, दालनांचा आणि रंगमंचामागच्या यंत्रणेचा आहे.

या वास्तूची पहिली छायाचित्रे ती पूर्ण होण्याच्या कितीतरी आधीची आहेत. देल्मे आणि द्युरांदेल या नावाने चालणाऱ्या व्यवसायाकडे बांधकामाची नोंद ठेवण्याचे काम आले आणि लुई-एमिल द्युरांदेल याने १८६० च्या दशकाच्या मध्यापासून पुढे अनेक वर्षे पायाचे दगडी खांब, छताचा लोखंडी सांगाडा, कारागिरांच्या कार्यशाळा आणि बसवण्याआधी जमिनीवर ठेवलेली शिल्पे टिपली. हाच द्युरांदेल पुढे आयफेल मनोऱ्याच्या उभारणीचाही छायाचित्रकार झाला. त्याची पद्धत ओल्या कोलोडियनची होती. काचेच्या पट्टीवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव पसरून, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवून प्रकाशसंवेदी करायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, छायाचित्र घेऊन, तिथल्या तिथे धुवायची; पट्टी वाळली की तिची संवेदनशीलता संपली. म्हणजे अंधारी खोली कॅमेऱ्याच्या हाकेच्या अंतरावर हवी, आणि अंतर्भागाला लागणारा दीर्घ वेळ पट्टी वाळण्याच्या आत बसायला हवा.

द्युरांदेलच्या छायाचित्रांत एक मुखवटा, एक स्तंभशीर्ष, फुलापानांच्या नक्षीचा एक तुकडा अशी एकेक वस्तू साध्या पार्श्वभूमीसमोर, कडेने येणाऱ्या सपाट उजेडात उभी असते, कारण गार्नियेला ती चित्रे आपल्या ग्रंथासाठी आणि कामाच्या हिशेबासाठी हवी होती. वास्तू सजून उभी राहिल्यावर तिचा जो झगमगाट होणार होता त्याचा त्यांत मागमूस नाही, आणि तरीही, किंवा म्हणूनच, गार्नियेच्या नक्षीकामाविषयी त्यांतून जेवढे कळते तेवढे नंतरच्या कित्येक देखण्या रंगीत चित्रांतून कळत नाही. ऑपेरागृहाच्या छायाचित्रणात दोन कामे पहिल्यापासून वेगळी आहेत: एक नोंद ठेवण्याचे, दुसरे अनुभव देण्याचे. दोन्हींच्या मागण्या बहुधा एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि या विषयातील बरीचशी वाईट छायाचित्रे दोन्ही कामे एकाच चौकटीत उरकण्याच्या हौसेतून जन्मलेली दिसतात.

सजलेल्या प्रेक्षागृहाचे चित्र त्या काळी दुर्मिळ असण्याचे कारण उजेड हेच होते. फेलिक्स नादार याने १८६१ च्या सुमारास पॅरिसच्या भुयारांतील अस्थिगृहांत बॅटरीवर चालणारे विद्युतदिवे नेऊन छायाचित्रे घेतली होती, पण एका चित्राला मिनिटांच्या हिशेबात वेळ लागत असल्याने मजुरांच्या जागी त्याला पुतळे उभे करावे लागले. भुयाराची भिंत दोन हातांवर असते. ऑपेरागृहात समोरचा सज्जा तीस मीटरांवर असू शकतो, आणि प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे दोन मीटरांवर पडणाऱ्या उजेडाचा वीस मीटरांवर शंभरावा हिस्साच उरतो. आजही हौशी प्रेक्षकाच्या कॅमेऱ्यातला फ्लॅश पुढच्या रांगेतली डोकी पांढरीफटक करतो आणि मागचे सगळे प्रेक्षागृह काळोखात बुडवतो, त्यामागे हेच गणित आहे.

उजेडाकडे वळण्याआधी जागेचा प्रश्न पाहावा लागतो, कारण कॅमेरा कुठे ठेवला यावरून चित्र कोणाच्या नजरेतले आहे हे ठरते. मधल्या बॉक्समधून, म्हणजे जिथे एरवी राजघराण्याची किंवा मान्यवरांची बैठक असते तिथून रंगमंचाकडे पाहिले तर समोर रंगमंचाची चौकट आणि पडदा येतो, दोन्ही बाजूंचे सज्जे हात पसरल्यासारखे पुढे जातात आणि वास्तू आपल्या मालकाला जशी दिसावी तशी दिसते. उलट, रंगमंचाच्या मध्यावर उभे राहून प्रेक्षागृहाकडे पाहिले तर गायकाला दिसणारे दृश्य मिळते, जे तिकीट काढून आलेल्या कोणालाही कधी दिसत नाही. अमेरिकी छायाचित्रकार डेव्हिड लेव्हेंटी याने जगातील अनेक ऑपेरागृहे मोठ्या फिल्मच्या कॅमेऱ्याने याच जागेवरून टिपली. जर्मन छायाचित्रकार कांडिडा ह्योफर यांनी पॅरिससह अनेक शहरांतील ऑपेरागृहे माणसांविना, प्रायः तिथे असलेल्याच उजेडात चित्रित केली. त्यांची चित्रे एवढ्या मोठ्या आकारात छापली जातात की प्रत्येक खुर्चीची पाठ वेगळी पाहता येते. ज्या वास्तूचे प्रयोजनच माणसांनी माणसांना पाहणे हे होते, तिची सर्वांत गाजलेली आधुनिक छायाचित्रे निर्मनुष्य असावीत यात थोडा विरोधाभास आहे खरा; परंतु माणसे काढून घेतल्यावर वास्तू त्यांची किती जय्यत तयारी करून बसली आहे हे अधिक ठळक होते, असे या चित्रांच्या बाजूने म्हणता येईल.

कॅमेऱ्याची उंची हा त्यातला दुर्लक्षित राहणारा भाग आहे. नालाकृती सज्ज्यांपैकी जो सज्जा भिंगाच्या नेमक्या उंचीवर असतो त्याची कड चित्रात सरळ आडव्या रेषेसारखी येते. त्याच्या वरच्या सज्ज्यांच्या कडा मध्ये झोळ पडल्यासारख्या खाली वाकतात, खालच्या सज्ज्यांच्या कडा कमानीसारख्या वर उचलल्या जातात. कॅमेरा रंगमंचाच्या जमिनीलगत असेल तर जवळपास सर्वच सज्जे वर जातात, सगळ्या रेषा एकाच दिशेने वाकतात आणि प्रेक्षागृह अंगावर ओथंबल्यासारखे वाटते. तोच कॅमेरा दुसऱ्या सज्ज्याच्या उंचीवर नेला की वरच्या व खालच्या रेषा एकमेकींना तोलून धरतात. रंगमंचावर उभे राहायचे असेल तर आणखी एक पेच असतो: जुने रंगमंच बहुधा प्रेक्षकांच्या दिशेने उतरते असतात, पाले गार्नियेच्या रंगमंचाचा उतार ५ टक्के आहे, आणि तिपाईचे तीनही पाय सारखे ठेवून तिच्यावर कॅमेरा चढवला तर सगळे ऑपेरागृह पुढे कलते.

उंच वास्तूचा माथा चौकटीत यावा म्हणून कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात आणि खांब मागे कोसळू लागतात. यावरचा उपाय जुनाच आहे: कॅमेऱ्याची पाठ, म्हणजे फिल्म किंवा सेन्सरचे प्रतल, भिंतीला समांतर ठेवून फक्त भिंग वर सरकवायचे. भात्याच्या जुन्या कॅमेऱ्यांत ही सोय अंगभूत होती, आताच्या कॅमेऱ्यांसाठी तशी सरकती भिंगे मिळतात. अतिरुंद कोनाच्या भिंगाने ही मेहनत वाचेल असे वाटते, पण त्यात चौकटीच्या कडेचे बॉक्स ताणले जाऊन रुंदावतात, मधला भाग दूर पळतो, आणि लहानसे प्रेक्षागृहही स्टेडियमएवढे भासते. जाहिरातीच्या कामाला हे सोयीचे, वास्तूच्या दृष्टीने मात्र सरळसरळ खोटे.

आता उजेड. पाले गार्नियेच्या प्रेक्षागृहात काही टनांचे पितळी आणि स्फटिकांचे झुंबर छताच्या मध्यातून लोंबते. ते मुळात गॅसवर जळत असे आणि पुढे त्यात वीज आली. या झुंबराच्या दिव्यांची झळाळी आणि बॉक्सच्या पाठीमागच्या लाल कोनाड्यांतील काळोख यांच्या तेजात जो फरक असतो तो एका चित्रात मावत नाही. छायाचित्रणात प्रकाशाचा फरक स्टॉपमध्ये मोजतात, एक स्टॉप म्हणजे दुप्पट. चांगल्या डिजिटल कॅमेऱ्याला सुमारे १४ स्टॉपचा, म्हणजे सोळा हजार पटींहून थोडा जास्त फरक एका वेळी पेलतो, आणि पेटलेले झुंबर चौकटीत असेल तर प्रेक्षागृह ती मर्यादा सहज ओलांडते. माणसाचा डोळा झुंबराकडे पाहताना आवळतो, कोनाड्याकडे पाहताना सैलावतो, आणि मेंदू या दोन्ही दृश्यांचे मिळून एक चित्र रचतो. कॅमेऱ्यासाठी त्याची नक्कल म्हणून एकाच जागेवरून कमी-अधिक एक्स्पोजरची, म्हणजे सेन्सरवर कमी-अधिक प्रकाश पडू दिलेली, अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली जातात. या तंत्राला एचडीआर म्हणतात, आणि ऑपेरागृहांच्या छायाचित्रांची सर्वाधिक नासाडी याच तंत्राच्या अतिवापराने झाली आहे.

ही नासाडी नेमकी कशाची होते हे समजण्यासाठी गार्नियेच्या सोन्याकडे जवळून पाहायला हवे. एवढ्या मोठ्या प्रेक्षागृहातील सगळे नक्षीकाम सोन्याच्या वर्खाने मढवणे खर्चाचे होते, शिवाय तसे केल्यास ते एकसुरी आणि भडक दिसेल असेही त्याचे मत होते. म्हणून पानाच्या उठावाची कड, चेहऱ्याचा गाल, फळाचा फुगवटा अशा जिथे उजेड पडून उसळी घेणार तेवढ्याच जागी वर्ख लावायचा आणि खोलगट, सावलीतल्या जागा पिवळसर गेरूच्या छटांनी नुसत्या रंगवायच्या अशी पद्धत त्याने वापरली; फ्रेंचमध्ये तिला परिणामापुरता मुलामा अशा अर्थाचे नाव आहे. खाली बसलेल्या प्रेक्षकाला गॅसच्या पिवळ्या उजेडात सगळेच सोन्याचे वाटत असे, कारण सावलीत सोने आणि गेरू यांच्यात भेद करणे डोळ्याला जमत नाही. सावली हा या सजावटीतला एक मालमसाला आहे, वर्ख आणि रंग यांच्याइतकाच मोजून वापरलेला. एचडीआरने सावल्या उपसून वर काढल्या की गेरू गेरूसारखा दिसू लागतो, सोने फिके पडते, उठाव सपाट होतो, आणि जे लपवण्यासाठी गार्नियेने एवढा खटाटोप केला तेच चौकटीभर पसरते. समोरून टाकलेला फ्लॅशही हेच करतो, फक्त अधिक निर्दयपणे. सराईत छायाचित्रकार म्हणून दोन-तीन एक्स्पोजर हलक्या हाताने मिसळतात, झुंबराच्या काचा जळून जाऊ नयेत एवढे पाहतात, आणि बॉक्सचा पाठीमागचा भाग काळाच राहू देतात.

लाल मखमलीचा त्रास वेगळा आहे. कॅमेऱ्याचा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा अशा तीन भागांत प्रकाश मोजतो. तापल्या तारेच्या दिव्यांत लाल भाग मुळातच जास्त आणि निळा कमी असतो, त्यात मखमल फक्त लालच परत फेकते, आणि एकंदर चित्र योग्य उजळ दिसत असतानाही लालचा मापक केव्हाच भरून वाहिलेला असतो. परिणामी खुर्च्यांच्या पाठींवरच्या सुरकुत्या आणि बसून बसून झिजलेल्या जागा पुसल्या जाऊन तिथे कापलेल्या कागदासारखे लाल डाग उरतात. उपाय साधा आहे, तिन्ही रंगांचे आलेख वेगवेगळे पाहून लालच्या हिशेबाने एक्स्पोजर कमी ठेवायचे. याला जोडून रंगतापमानाचा, म्हणजे उजेड किती पिवळा वा निळा आहे याच्या मापाचा प्रश्न येतो. मेणबत्तीचा उजेड सुमारे १,९०० केल्विन, तारेच्या दिव्याचा २,७०० ते ३,०००, दुपारच्या उन्हाचा ५,५०० च्या आसपास असतो, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. कॅमेऱ्याला सांगितले तर तो पांढरे ते पांढरे दाखवण्यासाठी सगळा पिवळेपणा वजा करतो, आणि सोने लिंबासारखे आंबटगार दिसू लागते. थोडा पिवळेपणा राहू द्यावा हाच जाणकारांचा कल आहे, आणि तो योग्य आहे, कारण ही वास्तू कधीच पांढऱ्या उजेडात पाहिली जावी म्हणून रंगवलेली नव्हती.

प्रेक्षागृहाबाहेरची दालने तुलनेने सोपी असतात, तरी त्यांचे स्वतःचे सापळे आहेत. पाले गार्नियेचे भव्य दालन ५४ मीटर लांब, १३ मीटर रुंद आणि १८ मीटर उंच असून त्याच्या छतावर पोल बोद्री याची चित्रे आहेत. एका अंगाला खिडक्या, मध्ये झुंबरे आणि भिंतींवर आरसे. दिवसा खिडकीचा निळसर उजेड आणि झुंबरांचा पिवळा उजेड एकाच भिंतीवर आदळून ती दुरंगी करतात. संध्याकाळी बाहेरचा उजेड उतरत आतल्याच्या बरोबरीला येतो त्या थोड्या वेळात हे भांडण मिटते, आणि जाणते छायाचित्रकार त्या वेळेसाठी दिवसभर थांबतात. आरशासमोर कॅमेरा नेमका मध्ये ठेवला की छायाचित्रकार स्वतःच चित्रात येतो, म्हणून तो बाजूला उभा राहून भिंग विरुद्ध दिशेला सरकवतो. दृश्य समोरून घेतल्यासारखे सममित राहते आणि आरसा रिकामा दिसतो. जिन्यावर पर्यटकांची गर्दी असली तरी भिंगापुढे काळपट काच लावून मिनिटभराचे एक्स्पोजर दिले की चालणारी माणसे विरघळून जातात, फक्त पायरीवर बसून राहिलेला एखादा चिवट माणूस तेवढा उमटतो. अर्थात यासाठी तिपाई लागते, आणि बहुतेक ऑपेरागृहांत तिपाई व फ्लॅश यांना साध्या प्रेक्षकांसाठी मनाई असते, त्यामुळे हे सगळे काम रीतसर परवानगीनेच, बहुधा सकाळी लवकर, रंगमंचावर सुतारांची ठाकठोक सुरू होण्याआधी उरकावे लागते. लाकडी जमिनीवर कोणी चार पावले टाकली तरी दीर्घ एक्स्पोजरमध्ये स्फटिकांच्या कडा पुसट होतात.

पाले गार्नियेच्या छताची कथा तर छायाचित्रणाइतकीच कायद्याचीही आहे. मूळ छत ज्यूल लनप्व्यो याने रंगवलेले होते. आंद्रे मालरो सांस्कृतिक खात्याचे मंत्री असताना त्यांनी मार्क शागाल यांना नव्या चित्राचे काम दिले, आणि १९६४ मध्ये मोत्सार्ट, वाग्नर, स्त्राविन्स्की आदी संगीतकारांच्या कृतींवर आधारलेले, सुमारे २२० चौरस मीटरांचे ते चित्र जुन्या छताच्या खाली, जुन्याला धक्का न लावता बसवण्यात आले. खालून पाहणाऱ्याला त्याचा मधला भाग झुंबरामुळे अडतो, बाजूने पाहिले तर वक्राकारामुळे आकृत्या आखडतात. गूगलच्या सांस्कृतिक प्रकल्पाने या छताचे अनेक तुकड्यांतून जोडलेले अतिसूक्ष्म छायाचित्र तयार केले तेव्हा आसनांवरून कधीच न दिसणारे कुंचल्याचे फटकारे आणि लहान आकृत्या प्रथमच सर्वांसमोर आल्या. गार्निये १८९८ मध्ये वारल्यामुळे त्याच्या वास्तूवर कोणाचा हक्क उरलेला नाही. शागाल मात्र १९८५ मध्ये वारले, आणि फ्रान्समध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे हक्क टिकत असल्याने २०५५ संपेपर्यंत त्या छताचे चित्र व्यापारी कामासाठी छापायचे तर परवानगी घ्यावी लागते. एकाच चौकटीत खालचे सोने मोकळे आणि वरचा रंग राखीव, अशी ही स्थिती आहे.

अनुभव देणाऱ्या चित्रांचा सर्वांत टोकाचा प्रयोग जपानी छायाचित्रकार हिरोशी सुगिमोतो यांच्या नावावर आहे. त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जुन्या चित्रपटगृहांत, आणि अलीकडे इटलीतील जुन्या ऑपेरागृहांतही, पडद्यावर पूर्ण चित्रपट चालू असताना कॅमेऱ्याची झडप तेवढा सगळा वेळ उघडी ठेवली. हजारो दृश्ये एकमेकांवर साचून पडदा निखळ पांढरा होतो, आणि त्या पांढऱ्यातून परावर्तित झालेल्या उजेडात सज्जे आणि नक्षी उजळते. वेगळा दिवा लावलेला नाही, तरी झालर न् झालर दिसते.

नोंदीच्या चित्रांचे मोल मात्र दुर्घटनेनंतर कळते. व्हेनिसचे ला फेनिचे हे १७९२ मध्ये सुरू झालेले ऑपेरागृह १८३६ मध्ये एकदा जळून पुन्हा उभे राहिले होते. २९ जानेवारी १९९६ च्या रात्री ते पुन्हा भस्मसात झाले आणि आग लावल्याबद्दल तिथेच काम करणारे दोन वीजतंत्री दोषी ठरले. शहराने ते जसे होते आणि जिथे होते तसेच उभारायचे ठरवले, आल्दो रोस्सी यांच्या आराखड्यानुसार काम झाले आणि डिसेंबर २००३ मध्ये ते पुन्हा उघडले. या कामात जुन्या रेखाटनांइतकाच छायाचित्रांचा आधार लागला, आणि त्यांच्या जोडीला लुकिनो व्हिस्कोंती यांच्या १९५४ च्या ‘सेन्सो’ या रंगीत चित्रपटाचाही, कारण त्याचा आरंभीचा प्रसंग खुद्द ला फेनिचेत, भरलेल्या प्रेक्षागृहात चित्रित झालेला होता. कृष्णधवल चित्र नक्षीचा आकार सांगते पण भिंतीचा हिरवा कोणता होता हे सांगत नाही. रंगीत फिल्म रंग सांगते, पण चित्रीकरणाच्या दिव्यांचा आणि फिल्मच्या रसायनांचा रंगही त्यात मिसळून देते. म्हणूनच नोंदीच्या छायाचित्रात हल्ली ठरलेल्या रंगांचे चौकोन असलेली रंगपट्टी आणि एक मोजपट्टी ठेवतात. चित्र त्यामुळे कुरूप होते, आणि त्याला इलाज नाही.

मुंबईच्या गिरगावातील रॉयल ऑपेरा हाऊसचे उदाहरण याच जातीचे आहे. मॉरिस बँडमन आणि जहांगीर फ्रामजी काराका यांनी उभारायला घेतलेल्या या वास्तूचे उद्घाटन १९११ मध्ये, काम अपुरे असतानाच, पाचव्या जॉर्ज राजाच्या हस्ते झाले. पुढे बालगंधर्वांपासून पृथ्वीराज कपूर यांच्यापर्यंत अनेकांनी ते रंगमंचावरून पाहिले. त्या मानाने कॅमेऱ्याच्या वाट्याला ते कमी आले. नंतर त्याचे चित्रपटगृह झाले तेव्हा आतली रचना बदलली, १९९० च्या दशकात ते बंद पडले, आणि वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखालील दुरुस्तीनंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले. चित्रपटगृहाच्या काळात नाहीसे झालेले भाग परत घडवायचे तर जुनी छायाचित्रे शोधणे आणि रंगाचे थर एकेक करून तपासणे, एवढेच मार्ग संवर्धकाच्या हाती असतात. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू केलेले आणि पुढे केशवराव भोसले यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. ते ऑपेरागृह नव्हे, पण संगीत नाटकाचे घर होते. मराठी रंगभूमीची छायाचित्रे पाहू गेल्यास नटांच्या वेषांतली चित्रे मुबलक मिळतात, प्रेक्षागृहाच्या भिंतींची, छताची, पडद्यामागच्या दोरखंडांची फार थोडी. नटाचे चित्र विकले जात असे, भिंतीचे कोण घेणार.

आता अशा वास्तूची नोंद करण्यासाठी छायामितीचा वापर वाढला आहे. यात प्रत्येक भाग निदान दोन-तीन चित्रांत येईल अशी एकमेकांवर चढणारी शेकडो छायाचित्रे वेगवेगळ्या जागांवरून घेतात, आणि संगणक त्यांतील समान बिंदू जुळवून वास्तूची त्रिमिती प्रतिकृती रचतो. दगड, लाकूड, गिलावा यांच्या बाबतीत हे चोख चालते. सोने आणि आरसे मात्र दाद देत नाहीत, कारण कॅमेरा हलला की चकाकीही हलते आणि संगणकाला ती स्थिर बिंदू म्हणून धरता येत नाही. त्यावर दिव्यांपुढे आणि भिंगापुढे एकमेकांशी काटकोनात ठेवलेले ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारे गाळणे, लावतात आणि चकाकी गाळून टाकतात. अशा चित्रात सोन्याचा वर्ख काळपट पडतो, कारण त्याची चमक हे निव्वळ परावर्तन असते, आणि रंगवलेला गेरू मात्र पिवळाच राहतो. त्यामुळे गार्नियेच्या पद्धतीने मढवलेल्या एखाद्या पानावर वर्ख कुठे संपला आणि रंग कुठे सुरू झाला ती सीमारेषा, पहाड न बांधता, खालूनच आखता येते.